एक रिकामी ओळ

कुरेसारेच्या वाचनालयात, मागच्या खिडकीपाशी
पाटी आहे: संगणक मदत, मंगळवार आणि शुक्रवार.
पाटीखाली मी.

एंडेल आजोबा आले ते गठ्ठा घेऊन,
एकशे बारा पानं, जाळ्याच्या सुतळीनं बांधलेली.
"लेकीची मेल आहे," म्हणाले,
"तिला काय झालंय ते बघ."

ना काना, ना मात्रा,
श्वास घ्यायलाही जागा नाही.
लहानमोठी अक्षरं, आकडे, मध्येच बेरजेची चिन्हं,
पोतं उसवून सांडावीत तशी.

आजोबांनी ती वाचली होती.
अक्षरन् अक्षर, पेन्सिल घेऊन.
सातव्या पानावर त्यांना 'एमा' सापडली होती,
म्हणजे आई.
एकोणचाळिसाव्यावर 'कुइ', म्हणजे जर.
त्या दोन शब्दांवर
त्यांनी चार रात्री काढल्या होत्या.
त्रीनूची एमा जाऊन तीन वर्षं झाली.

मी पहिल्या पानावर बोट ठेवलं:
तिरकी रेघ, नऊ, जे.
"आजोबा, हे पत्र नाहीच. फोटो आहे.
फोटो बहुतेक असाच खाकरून आत येतो."

मग त्यांच्या खात्यातून मेलचा कच्चा मजकूर उघडला.
वर कुठून, कुणाला, कधी;
मग सीमारेषा, आणि तिच्या खाली
एक रिकामी ओळ, नको तिथे.
जहाज कंपनीचा संगणक प्रत्येक मेलला
एक विनंती चिकटवतो:
कृपया छापू नका, झाडं वाचवा.
चिकटवताना त्याचा हात घसरला होता.
रिकामी ओळ दिसली की मेल वाचणारा प्रोग्राम समजतो,
सूचना संपल्या, आता बोलणं सुरू.
मग तो सगळंच बोलून दाखवतो.

मी ती ओळ पुसली. फाइल जतन केली. उघडली.

इंजिनखोली. तेलानं माखलेला व्हॉल्व्ह.
खाली त्रीनूचा प्रश्न: बाबा, इथे कुठला वॉशर?
तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

"तांब्याचा," आजोबा पडद्याला म्हणाले,
जरा मोठ्यानं, लांब ऐकू जावं म्हणून.
मग पुढे वाकले.
फोटोच्या कडेला एक अंगठा आला होता,
नख काळंनिळं.
व्हॉल्व्हकडे त्यांनी परत पाहिलं नाही.

रद्दीच्या पेटीसाठी मी हात पुढे केला.
त्यांनी गठ्ठा दिला नाही.
सुतळी पुन्हा आवळली,
सातवं पान वर ठेवून.