कॉशन ऑर्डर

रेल्वेच्या लिलावात घेतलेला हा डबा.
कपाळावर कंपनीचं नाव,
बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात: लेखा विभाग, ३.
आत एक पॉइंट आठ सहाचा प्रोसेसर.
भुसावळात मे म्हणजे सेहेचाळीस,
आणि लग्नतिथी एकीला लागून एक.
एका लग्नाच्या मिक्सिंगला चौदा तास.
बोंड्यांची हेमांगी सासरी गेली, पाचपरतावनाला येऊन पुन्हा गेली,
तिची हळद माझ्या पडद्यावर
अजून अर्धीच लागलेली.

नसीर तडवी यावलहून आला
रुमालात चार कोरचा प्रोसेसर बांधून,
सुरतच्या भंगारातला.
बसवला. पंखा फिरला, पडदा काळा.
काढला, फुंकर मारली, बसवला. काळा.
"बोर्ड ओळखच देत नाही भो.
कंपनीचं घर. पाहुणा ओट्यावरूनच परत."
सेटिंगच्या निळ्या पानावर
तारीख बदलता येत होती, घड्याळही मागेपुढे करता येत होतं.
वेगाची ओळच ठेवलेली नव्हती.

मग त्यानं जुनाच प्रोसेसर
ट्यूबलाइटखाली उताणा धरला.
सोन्याचे ठिपके, रांगोळीच्या कागदासारखे.
"यातला एक झाकायचा. एकच.
बोर्डाला वाटतं, थोरल्या घरचा आला."
चिकटपट्टी ब्लेडनं कापली, तिळाहून लहान,
वहिनीच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं ठेवली.
तुकडा उडेल म्हणून कूलर बंद.
माझा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन
तिथेच थांबला, त्यालाही कळलं असावं.

दोन पॉइंट तीन तीन.
मी मोठ्यानं वाचलं, मग परत वाचलं.
नसीरनं मजुरी घेतली नाही,
त्याच्या आत्याच्या मुलाचं लग्न फुकट मिक्स करायचं ठरलं.

रात्री दीडला, एकाहत्तर टक्क्यांवर, मशीन विझलं.
पत्र्याला बोट लावलं
आणि कानाची पाळी धरली.
आण्णा गच्चीवरून पाणी प्यायला उतरले होते.
बत्तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस,
उघड्या डब्यात वाकून बघत राहिला,
मी सगळं सांगितलं, तिळाएवढ्या तुकड्यासकट.
"इंजिनाला विचारून काय होतं?
ते तर म्हणतंच, चल.
मनमाडकडे जाताना हातात कॉशन ऑर्डर यायची,
या खांबापासून त्या खांबापर्यंत तीस.
इंजिन तेच, डबे तेच, मीही तोच.
ते खालच्या खडीचं म्हणणं असायचं."
एवढं बोलून
त्यांनीच कूलर ओढला, लोखंडी पायांचा आवाज करत,
डब्याच्या उघड्या कुशीसमोर लावला.
"पंपाची पिन काढ. ओलं वारं नको याला."
आणि हातानं पत्रा शिवून बघितला, पालथ्या हातानं,
जसा आम्हा भावंडांचा ताप बघायचे.

पुन्हा पहिल्यापासून.
आई गच्चीवर, वहिनी गच्चीवर, घरातला एकुलता वारा
हेमांगीच्या वरातीला.
मी स्टुलावर बसून आकडा बघत होतो:
एक्याऐंशी, त्र्याऐंशी, एक्याऐंशी.
दीपनगरच्या चिमण्यांवरचे लाल दिवे खिडकीत,
मधेच कुठल्याशा मालगाडीचं लांबलचक जाणं.
शंभर टक्के झाले तेव्हा
दुपारचा एक वाजत आला होता.

आण्णांनी जेवताना विचारलं,
"किती वाचले?"
"पावणेतीन तास."
"अन् काय केलं त्यांचं?"

मी कळण्याची भाकरी मोडत राहिलो.

संध्याकाळी तुकडा काढला.
पडद्याच्या कडेला लावून ठेवलाय,
बारकाईनं बघितला तरच दिसतो.
नसीरचा फोन आला: कसं चाललंय?
म्हटलं, एक पॉइंट आठ सहा.
तो हसला.
म्हणाला, डिसेंबरात येतो,
तापीवरून गार वारं सुटलं की.
तोवर आत्याच्या मुलाला सांगतो,
घाई करू नको म्हणून.