लिंडन, दुसरा मजला

आमच्या गल्लीत लिंडन फुलला की
प्लोवदिव शहर आठवडाभर जरा हळू बोलतं.
माझं आणि रुम्यानाचं न बोलणं त्यातलं नव्हे.
ते तीन वर्षांचं,
तिच्या टबाचं पाणी माझ्या छतातून उतरलं
त्या रात्रीपासूनचं.
डाग अजून आहे,
साधारण बोकडाच्या डोक्याएवढा, शिंगांसकट.

झाड नगरपालिकेचं.
खालच्या फांद्यांना ट्रक घासतात, फुलं काळी पडतात.
वरच्या तिसऱ्या मजल्यालाही चुकवून जातात.
मधली एक, सगळ्यात दाट,
थेट माझ्या बाल्कनीत येऊन टेकते,
चपला न काढता आत आलेल्या पाहुणीसारखी.

गुरुवारी दहाला दार वाजलं.
हातात उशीचा अभ्रा, पायात घरातल्या सपाता.
"दव वाळलंय," रुम्याना म्हणाली,
"बाराच्या आत खुडायला हवीत."
ना नमस्कार, ना माफी.
मी दारातून बाजूला झाले. तेवढंच.

खुडताना कळलं, फूल एकटं घ्यायचं नसतं,
त्याचं ते फिकट, जिभेसारखं पान
देठासकट यायला हवं.
वाटाण्यासारखी गाठ धरलेली सोडून द्यायची.
मधमाश्या आधी, आपण नंतर.
चाळीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासलेली बाई,
प्रत्येक झुबका उजेडाकडे धरून बघायची.

"माझ्याकडे नुसतं ऊन," ती म्हणाली, वर बोट करून.
"ह्यांना सावली लागते."
म्हणून कालिनच्या पलंगावर चादर अंथरली.
कालिन वालेन्सियात ट्रक चालवतो,
त्याच्या खोलीत दिवसभर अंधारच असतो.
तीन दिवस फुलं तिथे सुकली,
बरोबर बोकडाच्या खाली.
रोज संध्याकाळी ती यायची, फुलं उलटायची,
वर अजिबात बघायची नाही.

चौथ्या दिवशी मी तिच्याकडे गेले.
मागच्या ऑक्टोबरची जंगली गुलाबाची फळं
तिने खलबत्त्यात फोडली,
आधी तीच उकळली, सफरचंदाच्या सुक्या सालींबरोबर,
आणि फडक्यातून दोनदा गाळली,
आतली लव घशाला खाजते म्हणून.
मूठभर आंबट चेरी, बियांसकट चेचून.
फुलं मी टाकणार, तोच तिने मनगट धरलं.
"उकळत्यात नाही.
पाण्याचा राग ओसरू दे."
मग वर बशी झाकली
आणि अकरा मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली,
जणू कुणाचा तरी अहवाल यायचाय.

बरणी गार करायला टबात ठेवायची होती.
तेव्हा बघितलं.
नळाला चिंध्या बांधलेल्या, चिंध्यांवर सायकलची ट्यूब,
टबाच्या कडेला, जिथे फरशी फुटलीय,
तीन तसराळी आणि एक सुपाचं पातेलं.
रात्री दोनला माझ्या डोक्यावर जे खडखडायचं,
मला वाटायचं ती मुद्दाम वाजवते,
ते ती पाणी उपसत होती.
"किती वेळा?"
"दोनला. मग पाचला.
प्लंबर सोमवारी येणार आहे."
कुठला सोमवार, ते मी विचारलं नाही.

पेल्यात रंग उतरला तो विटेसारखा.
आधी चेरी दातांना लागली,
मग गुलाबाच्या फळाचा तुरटपणा,
आणि गिळून झाल्यावर, बऱ्याच उशिरा,
माझ्याच बाल्कनीचा वास
नाकाच्या मागून आला.
"साखर?"
"नको."
"मलाही नको."
आणि तरीही आम्ही दोघींनी घातली.

उरलेली फुलं तिने दोन बरण्यांत भरली.
माझ्या बरणीवर चिठ्ठी डकवली,
प्रयोगशाळेतल्या सरळ, तिरसट अक्षरात:
लिंडन, जून, दुसरा मजला.
झाकण मात्र दुसऱ्याच कुठल्या बरणीचं होतं,
नीट बसेना.
मी तसंच हाताने दाबून धरून
एक जिना खाली आले.