एक्केचाळीस गुण

कॅन्ससमध्ये, रुळांपलीकडच्या हार्लनच्या सलूनात
शनिवारी दाढ्यांपेक्षा वादच जास्त उगवतात:
या राज्याच्या मातीनं घडवलेला
सगळ्यात थोर बास्केटबॉलपटू कोण?

"वेन्डेल क्राउसे," गव्हाच्या कोठारावरचा डेल्बर्ट म्हणतो,
"हात वर केला की रिंग आपणहून खाली यायची."
"यायची म्हणे! पळताना पाहिलास का त्याला?
ओल्या रानात नांगर ओढल्यासारखा."
हा मर्विन, निवृत्त पोस्टमन,
टायरस ओकलीशिवाय दुसरं नाव ज्याला पचत नाही.
मग आकडे निघतात, कॉफीचे मग आपटतात,
मेलेल्या प्रशिक्षकांच्या शपथा घेतल्या जातात,
आणि कुणी आजच्या पोराचं नाव काढलंच
तर दोघं एक होऊन त्याचं तोंड बंद करतात.

हार्लनची कात्री थांबत नाही.
एकसष्टचा फेब्रुवारी, बाहेर गुडघाभर बर्फ,
आत ओल्या लोकरी कोटांचा वास,
आणि क्राउसेला अडवायचं काम याच्याकडे.
एक्केचाळीस गुण.
वहीत आहेत अजून. शाळा राहिली नाही.

"क्राउसेच," एवढंच म्हणतो तो दर शनिवारी.
मर्विनला वाटतं, म्हाताऱ्याचा हट्ट.

हट्ट कसला, बाबा.
तो जर दुसऱ्या नंबरचा निघाला
तर त्या रात्री मी हरलो कुणाकडून?

क्राउसे डावीकडून निघायचा.
संध्याकाळी केसांचा केर लोटताना
हार्लनचा पाय अजून डावीकडे सरकतो,
अर्धं पाऊल
उशिरा.