थोडासा वारा

पुंता अरेनासमध्ये वाऱ्याला तोटा नाही.
चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून,
झाडं सगळी एकाच बाजूला कलंडलेली,
पत्रे तर पाहुण्यासारखे एका घरावरून दुसऱ्या घरी जातात.
आणि मी, निबाल्दो, पहाटे चार वाजता
लेकीच्या ढुंगणासाठी
थोडासा वारा शोधतोय.

आमच्याकडे या दुखण्याला शिजणं म्हणतात.
पोर शिजली, असं सांगतात शेजारणी,
बटाट्याबद्दल बोलावं तसं.
मला चीड होती त्या शब्दाची.
परवा रात्री डायपर उघडला
आणि शब्द खरा निघाला.
मांड्यांच्या घडीशी लाल, चकचकीत,
हात लावावा तर गरम.
रायेननं श्वास आत ओढला
आणि तो बाहेर सोडायला इतका वेळ लावला
की तेवढ्यात माझंच रडून झालं.

चूक माझी होती.
एर्सिलिया रात्रपाळीला, खेकड्यांच्या कारखान्यात.
पाकिटात चार डायपर, पगार शुक्रवारी.
म्हटलं, चालेल अजून तासभर.
असे किती तास ताणले मी.
ते सगळे तिच्या कातडीवर उमटले.

दवाखान्यातल्या ओतिलियाबाई,
आवाज खरबरीत, हात मऊ.
"ते वासाचे ओले रुमाल आधी टाकून दे.
कोमट पाणी घे. आणि पुसू नकोस, टीप.
पत्रावरची ओली शाई टिपतात ना, तसं."
मी जन्मात शाईनं पत्र लिहिलेलं नाही.
पण कळलं.
"पावडर नको, छातीत जाते पोरांच्या.
मलम लाव, पांढरं, जस्ताचं. कंजुषी करू नकोस,
भिंतीला गिलावा देतात तसं लाव."

हे मात्र मला येतं, बाई.
वीस वर्षं गिलावाच करतोय.
"आणि बदलताना सगळं खरवडू नकोस.
घाण तेवढी काढ, वरून नवा थर दे."
जुना गिलावा धरून असेल तर त्याला डिवचू नये,
माझा बाप हेच सांगायचा,
फक्त शिव्या घालून.

"कडेला बारीक लाल ठिपके पसरले,
किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही,
तर परत घेऊन ये. ती बुरशी असते,
तिचं औषध निराळं."

म्हणून आज तिसऱ्या रात्री
टॉवेलवर उघडी ठेवलीय तिला, शेगडीपासून हातभर लांब.
ठिपके शोधतो. नाहीत.
पुन्हा शोधतो.
बाहेर वारा दार फोडायला बघतोय,
आत मी गॅसच्या बिलानं
तिला हळूच वारा घालतोय.
बिल अजून भरलेलं नाही. कामाला तरी आलं.
ती पाय झाडते, छताकडे बघून काहीतरी ठरवते
आणि माझ्या बाहीवर मुतते.
मी हसलो, तर तीही हसली.
लाली उतरलीय. गुलाबी म्हणावी इतपत.

सहाला एर्सिलिया आली.
आधी मुलीकडे, मग माझ्याकडे,
मग चुलीकडे बघितलं.
हातमोजे काढले.
बोटांची पेरं उललेली, मिठाच्या पाण्यानं,
काही ठिकाणी रक्त सुकलेलं.
इतके महिने मी हे हात बघतोय
आणि कधी विचारलं नाही.

कोमट पाणी उरलं होतं.
मी तिचे हात धुतले, पुसले नाहीत, टिपले.
मलमाची नळी शेवटून गुंडाळत आणली
आणि एकेका पेरावर जाड थर दिला.
"तिला कमी पडेल," ती म्हणाली.
"गप बस," मी म्हणालो, "वाळू दे."

ती खुर्चीतच झोपली,
पांढरे हात मांडीवर उताणे ठेवून.
तिच्या पिशवीत डायपरचं नवं पाकीट होतं.
उधारीवर कुणाकडून आणलं,
ते विचारायचं राहिलं.