दिसू नये असं

मे महिन्यात नागपूरच्या पोरी म्हणजे नुसते डोळे.
बाकी सगळं स्कार्फच्या आत. व्हरायटी चौकात
दुपारी साडेबाराला सिग्नलला उभं राहून पाहा,
आईसुद्धा आपली पोट्टी
गाडीच्या नंबरावरून ओळखते.

म्हणून उन्हाळ्यात माझ्याकडे डोळ्यांचंच काम जास्त.
तांडापेठेत, समोरची खोली, एक खुर्ची, एक कूलर,
वाळ्याच्या ताट्या बदलायच्या राहिलेल्या.
खुर्चीखाली फरशीचा रंग वेगळा आहे.
तिथं बाबांच्या मागाचा खड्डा होता.
बुजवून सात वर्षं झाली.

ती आली. स्कार्फ सोडला, गॉगल नाही काढला.
मग काढला.
डाव्या पापणीवर मधोमध
तांदळाच्या दाण्याएवढी जागा, एकही केस नाही.
"लायब्ररीत वाचता वाचता हात जातो," म्हणाली.
कोणती परीक्षा, मी विचारलं नाही.
कितव्यांदा, तेही नाही.
"आतेबहिणीचं साक्षगंध आहे. दिसू नये असं करून द्या.
म्हणजे जागा पण दिसू नये
आणि काही केलंय हे पण."

काळं नको, मी म्हटलं. काळं चुगली करते.
गडद तपकिरी पेन्सिल तासली,
टोक माझ्या मनगटावर घासून मऊ केलं.
आरसा तिच्या मांडीवर दिला. खाली बघ.
मान नाही, नजर.
अंगठ्यानं पापणी उचलली, जराशीच,
आणि खालच्या अंगानं, केस जिथून उगवतात तिथं
एक ठिपका. एक ठिपका. एक
रेघ ओढायची नाही, बापा.
रेघ ओढली की झाली लग्नाची नवरी.
दोन केसांच्या मध्ये एक ठिपका,
इतके जवळ की बघणाऱ्याच्या नजरेनं
ते स्वतःच जोडून घ्यावेत.
"श्वास घे," मी म्हटलं. ती विसरून राहिली होती.

उभा धागा तुटला की बाबा माग थांबवत.
थुंकी लावून पीळ देत, सांधत,
मग नखानं त्या सांध्यावरून चालत जात, परत येत.
काहून इतकं? मी विचारायची.
घेणाऱ्याले थोडीच दिसते?
"नेसणारीच्या बोटाले लागते," ते म्हणत.

रिकाम्या जागेत ठिपक्याला टेकायला काही नसतं.
शेजारच्या केसांवरून अंदाज घ्यावा लागतो,
इथले किती दाट आले असते.
तिथंच वेळ लागला. दोनदा पुसलं.
कूलरचं पाणी संपलं, पंखा कोरडा घरघरत राहिला.
टिश्यूनं घाम टिपला,
सपाट ब्रशनं तपकिरी पावडर वरून दाबली.
दाबायची, घासायची नाही,
नाहीतर पंचेचाळीस डिग्रीत चार वाजेस्तोवर सगळं गालावर.
मस्कारा फक्त मुळाशी, ब्रश जागच्या जागी हलवून.
खालच्या पापणीला काही नाही. डोळा लहान होतो.

"उगवतील का?"
"उगवतील. दोन-अडीच महिने. हात दूर ठेवशील तर."
"नाही ठेवला तर?"
"तर पुन्हा ये. साठ रुपये."
ती हसली, हसताना डोळे मिटले.
मला तेच पाहायचं होतं,
मिटल्यावर जागा डोकावते का.
नाही डोकावली.

पेन्सिलचा उरलेला तुकडा तिलाच दिला.
वाचताना बोटांत धर म्हटलं.
असू दे काहीतरी हातात.

संध्याकाळी वाळा आणायला इतवारीत गेली.
सिग्नलला डोळेच डोळे.
एकेकीच्या डाव्या डोळ्याकडे मी पाहून राहिली होती,
कोणाचंच काही कळेना.
मागच्यानं हॉर्न वाजवला.
हिरवा कधीचाच झाला होता.