दोंदे सांगायचे तो शेवट

रिटायर झाले त्या मार्चमध्ये
शर्वरीनं एक काळी डबी आणून दिली, साबणाच्या वडीएवढी.
"आत्या, यात सगळं जुनं भरलंय. तू म्हणायचीस ना."
म्हणायचे खरी.
एकतीस वर्षं म्हणत होते,
एकदा सुटले की आकाशातलं सगळं बघून टाकीन.

आता जेलरोडच्या या दोन खोल्यांतून
रोज दुपारी, भांडी पालथी घातली की,
मी पृथ्वी सोडते.

प्रेसमध्ये मी नोटांचे ताव तपासायचे.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली, आकडा तिरका,
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागाहून.
ती नजर काही फंडाबरोबर परत मागितली नाही कुणी.
त्यामुळे यानाला धरलेली तार मला दिसते.
राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते.
तिसऱ्या भागातलं कंट्रोल रूमचं दार
नवव्या भागात शत्रूच्या तुरुंगाला लावलंय, रंग मारून.
आणि परग्रहावरचे ते डोंगर?
थर्माकोल. शपथेवर सांगते. एक कोपरा तुटलाय.

नोकरीत असते तर फुली मारली असती.
इथं म्हणते, पास.
तार धरणाऱ्याचा हात थरथरत नव्हता,
तेवढंही मला दिसतं.

तारखांचं मात्र हसू येतं.
एका मालिकेत शहाण्णव साली मंगळावर शाळा भरते,
मुलं चंदेरी डगले घालून प्रार्थनेला उभी.
शहाण्णव साली मी बिटकोला
रिकामं सिलिंडर घेऊन रांगेत उभी होते,
आणि पुढची बाई म्हणत होती, आज गाडी येणार नाही.

हे वेड लावलं दोंद्यांनी.
कटिंगचे यशवंत दोंदे.
शुक्रवारी सायकल मारत देवळाली कॅम्पात जायचे,
थेटरात इंग्रजी पिक्चर बघायचे,
(इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच, म्हणजे नाहीच)
आणि शनिवारी चहाच्या सुट्टीत, चिवड्याची पुडी मधे ठेवून,
दोन्ही हातांनी सांगायचे. डावा हात यान, उजवा ग्रह.

त्यातली एक गोष्ट मी कधी विसरले नाही.
लाल वाळूचा ग्रह, वादळ उठलेलं,
यान घाईनं उडतं, आणि एक बाई खालीच राहते.
तर यानातला म्हातारा स्टोअरकीपर उठतो,
म्हणतो, "मोजणी जुळत नाही.
मोजणी जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."
कॅप्टन ओरडतो, इंधन नाही, वेळ नाही.
म्हातारा दारात बसून राहतो.
यान वळतं.

मंगळवारी तो सिनेमा सापडला.
यान वळत नाही.
बाई वाळूत उभी, हात वर केलेला,
मग वाळूच, मग नावं.
मी मागे नेऊन तीनदा बघितलं.
अख्ख्या सिनेमात म्हातारा स्टोअरकीपर नाही.

मग हिशेब लागला.
दहाची रात्रपाळी. खेळ सुटायचा दहाच्या पुढे.
दोंद्यांनी आयुष्यात एकाही सिनेमाचा शेवट
पाहिलेला नव्हता.

फोन केला. दिंडोरीला मुलाकडे असतात, कानानं कमी.
"दोंदे, शेवट बघितला मी!"
"कशाचा?"
"वाळूच्या ग्रहाचा. ती बाई तिथंच राहते."
पलीकडे कुणीतरी द्राक्षांचे क्रेट मोजत होतं, बावीस, तेवीस.
बराच वेळ गेला.
"मोजणी चुकली असेल त्यांची," दोंदे म्हणाले,
आणि गुडघ्यांचं विचारलं.

वहीत त्यांच्या अजून सोळा गोष्टी लिहिलेल्या आहेत.
डबीत असतीलही. शोधते, एवढ्यात नाही.

काल तोच पुन्हा लावला.
वादळ उठलं, बाईचा बूट वाळूत अडकला,
मी घड्याळ बघून बंद केला.
साडेनऊ.
कॅम्पापासून प्रेसपर्यंत
सायकलला वेळ लागतो.