ताण

पहिल्या वर्षी ती म्हणाली, पंचवीस.
मी काटा पंचवीस किलोवर नेला,
उभ्या तारा आधी, मग आडव्या, एक वर एक खाली,
अब्बा हिमरूच्या मागावर घालायचे तशाच.
गारखेड्याच्या संकुलात ती स्पर्धा जिंकली.
तिनेके. हॉलंडची. तुटलेल्या तारेचा तुकडा
बोटाला गुंडाळून घेऊन गेली.

मग एकदा टीव्हीवर दिसली,
मोठ्या कोर्टावर, पहिल्याच फेरीत, वीसेक मिनिटं.
शेजाऱ्याला म्हटलं, हिचं गटिंग मी केलंय.
त्याने चॅनल बदललं.

चार वर्षांनी परत आली. तेवीस.
का, ते विचारलं नाही. डावखुरी होती
आणि पाण्याची बाटली उजव्या हाताने उचलत होती.
आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी, मी सांगितलं.
ती म्हणाली, माझं गाव समुद्राच्या खाली,
रात्रंदिवस पंप लावून पाणी बाहेर फेकतात.
इकडे फेका म्हणावं, मी म्हटलं.
तेवढंच हसलो.

काल, एकवीस.
लातूरच्या सतरा वर्षांच्या पोरीने
पात्रता फेरीतच हरवलं, पाऊण तासात.
संध्याकाळी हिशेब चुकता करायला आली.
दोन रॅकेट पिशवीत टाकल्या, तिसरी तशीच सोडली.
हिला तारा लावू नकोस, म्हणाली.

अब्बांच्या मागाची फणी जिथे टांगलीय
त्याच्या शेजारी खिळा ठोकला.
खिडकी उघडली की वारा तिच्यातून सरळ जातो.
धाकटी शाइस्ता विचारते,
अब्बू, ही किती किलोची?